पश्चिम ऑस्ट्रेलियाचा अनुत्तरित कौल

एकत्र कुटुंबांतील एखाद्या भावानें विभक्त व्हावयाचें ठरविलें, तर मिताक्षरेवर आधारलेल्या हिंदु कायद्याप्रमाणें त्यानें आपला हेतु इतर भाऊबंदांस निःसंदिग्धपणें कळविला म्हणजे पुरे. त्यांची संमति लागत नाहीं. राज्यांच्या एकत्र कुटुंबासही हा न्याय लागू पडतो काय? हा प्रश्न पश्चिम ऑस्ट्रेलियानें १९३३ सालीं उपस्थित केला. तो इतिहास आपल्याकडे फारसा परिचित नाहीं. म्हणून तो थोडक्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑस्ट्रेलियांतील सहा वसाहतींचें संघराज्य १ जानेवारी १९०१ रोजीं अस्तित्वांत आलें. पश्चिमेकडील वसाहतीनें संमति दिली ती सर्वांच्या मागून. ३१ जुलै १९०० रोजीं झालेल्या तेथील मतदानांत ४४,८०० मतें संयोगाच्या बाजूनें व १९,६९१ विरुद्ध पडलीं. पूर्वेकडून सोन्याच्या खाणींच्या मुलुखांत येऊन राहिलेल्या लोकांचा या विजयांत मोठा वांटा होता. ब्रिटिश पार्लमेंटनें केलेल्या घटना-कायद्याच्या प्रस्तावनेंत या संघास 'अविच्छेद्य' म्हटलें आहे. नव्या राज्यानें आंत कसें यावें हें त्या घटनेंत सांगितलें आहे. जुन्यानें बाहेर कसें जावें याविषयीं मात्र ती मौन धरते.

पुढील तीस वर्षांत तक्रारी सांचत गेल्या. परदेशी मालावरील जकातीनें पूर्वेकडील कारखाने पोसले जात. पश्चिमेचा शेतकरी आपला गहूं जगाच्या बाजारांत मिळेल त्या भावानें विकी, आणि शेतीचीं यंत्रें मात्र त्याच जकातीमुळें चढ्या किमतीस घेई. १९२९ नंतरच्या मंदींत गव्हाचे भाव कोसळले, तेव्हां हा व्यवहार त्यास असह्य झाला. ८ एप्रिल १९३३ रोजीं मतदान झालें. विभक्त होण्याच्या बाजूनें १,३८,६५३ व विरुद्ध ७०,७०६ मतें पडलीं. घटना-सुधारणेसाठीं परिषद बोलवावी काय, असा दुसराही प्रश्न होता. तो लोकांनीं नाकारला. मधला मार्ग अशा रीतीनें त्यांनीं स्वतःच बंद केला.

परंतु त्याच दिवशीं त्याच मतदारांनीं आपल्या विधिमंडळाची निवडणूकही केली. तींत विभक्तपणाचे पुरस्कर्ते मुख्य मंत्री सर जेम्स मिचेल यांचें सरकार पडलें. इतकेंच नव्हे, तर ते स्वतःही निवडून आले नाहींत. अधिकारावर आला तो फिलिप कॉलियर यांचा मजूर पक्ष, ज्याचा विभक्त होण्यास विरोध होता! यांतील खरी लोकेच्छा कोणती? आमच्या मतें दोन्ही खऱ्या. मंदीनें गांजलेल्या मनुष्यानें दूरच्या व जवळच्या अशा दोन्ही सरकारांवरील राग एकदमच व्यक्त केला. परिणाम मात्र असा झाला कीं, निर्णय घेतला एकानें आणि तो पार पाडण्याचें ओझें पडलें दुसऱ्यावर.

तरीही कॉलियर यांच्या सरकारनें १९३४ सालीं शिष्टमंडळ लंडनास धाडलें. ज्या पार्लमेंटनें संघाची गांठ बांधली त्यानेंच ती सोडावी, असा त्याचा अर्ज होता. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनें १९३५ सालीं अभिप्राय दिला कीं, हा अर्ज दाखल करून घेण्याजोगाच नाहीं. समग्र ऑस्ट्रेलियाच्या जनतेची स्पष्ट इच्छा संघ-सरकारमार्फत आल्याखेरीज पार्लमेंटनें तेथील घटनेस हात लावणें उचित नव्हे. येथील सूक्ष्म भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. १९३१ चा वेस्टमिन्स्टरचा कायदा ऑस्ट्रेलियानें १९४२ पर्यंत अंगीकारला नव्हता. म्हणजे पार्लमेंटचे हात बांधले होते ते कायद्याच्या अक्षरानें नव्हे, तर संकेतानें.

समितीचा निर्णय आम्हांस योग्य वाटतो. एका घटक राज्याच्या विनंतीवरून लंडननें संघाची घटना बदलली असती, तर ऑस्ट्रेलियाचें स्वराज्य नांवापुरतेंच उरलें असतें. पण दोन-तृतीयांश मतदारांच्या म्हणण्यास 'दाखल करतां येत नाहीं' हें कांहीं उत्तर नव्हे. खरें उत्तर थोडेंबहुत निराळ्याच मार्गानें मिळालें. संघ-सरकारनें १९३३ सालींच अनुदान-आयोग स्थापिला; त्याच्या शिफारशींवरून दुबळ्या राज्यांस नियमानें साहाय्य मिळूं लागलें. पुढें मंदीही ओसरली, आणि चळवळीचा जोर मावळला.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं क्वेबेक प्रांताविषयीं जें मत दिलें, त्यांत १९३५ सालीं राहिलेली उणीव भरून निघते. कोणत्याही प्रांतास एकतर्फी फुटून निघण्याचा हक्क नाहीं. परंतु स्पष्ट प्रश्नास स्पष्ट बहुमतानें होकार मिळाला, तर वाटाघाटीस बसणें हें इतरांचें कर्तव्य आहे, असें त्या न्यायालयानें सांगितलें. आमच्या कुटुंबांतही हेतु कळविल्यानें एकत्रपणा तुटतो खरा. पण जमीन, घर आणि कर्ज यांचा हिशेब सर्वांनीं एकत्र बसूनच करावा लागतो. लोकांस कौल विचारणाऱ्या पुढाऱ्यांनीं त्या हिशेबास कोण व कोठें बसणार, हें मतदानापूर्वींच सांगितलें पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मतदारांस तें कोणीं सांगितलें नाहीं. आणि म्हणूनच त्यांचा शब्द लंडनच्या दारापर्यंत जाऊन परत आला.