आस्क, रिक्वेस्ट, डिमांड आणि आपलं वऱ्हाड

मेल लिहिताना 'रिक्वेस्ट' लिहायचं, 'आस्क' लिहायचं की सरळ 'डिमांड', यावर आपण बराच वेळ घालवतो. डिक्शनरी उघडली तर तिन्हींचा अर्थ साधारण 'मागणे' असाच मिळतो. गंमत म्हणजे 'रिक्वेस्ट' आणि आपलं रोजचं 'रिक्वायरमेंट' एकाच लॅटिन शब्दातून आलेत. आणि 'डिमांड' ज्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा अर्थ फ्रेंचमध्ये आजही नुसतं 'मागणे, विचारणे' एवढाच आहे. धार चढली ती इंग्रजीत.

मग फरक कशात आहे? माझ्या मते, काय मागितलं यात नाही, तर मागणारा कुठे उभा आहे यात. खालून वर मागितलं की ते पिटिशन. (कोर्टातल्या पिटिशनच्या शेवटच्या भागाला तर 'प्रेयर' म्हणतात, म्हणजे चक्क प्रार्थना!) बरोबरीने, अदबीने मागितलं की रिक्वेस्ट. हक्क सांगून मागितलं की क्लेम. आणि नाही दिलं तर बघून घेऊ, असा सूर लागला की डिमांड.

याचं उत्तम उदाहरण आमच्या आर्णीच्या इतिहासात आहे. आर्णी वऱ्हाडातलं, आणि वऱ्हाड हेच जवळजवळ शंभर वर्षं मागण्याचा विषय होऊन बसलं होतं.

1853 साली निजामाकडे कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली, म्हणून इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार आपल्याकडे घेतला. कागदावर मालकी निजामाचीच राहिली. इंग्रजीत नावही मोठं सावध होतं: 'असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे दिलेले नव्हे, नेमून दिलेले जिल्हे. पुढे हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. फौजेच्या खर्चासाठी रक्कम ठेवायची तयारीही दाखवली. ती अगदी सभ्य रिक्वेस्ट होती. उत्तर: नाही.

1902 साली लॉर्ड कर्झनने विषयच मिटवला. वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला 25 लाख रुपये.

त्यानंतर आले सातवे निजाम उस्मान अली खान. त्यांनी 1923 साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलं. पण सूर बदलला होता. परराष्ट्र व्यवहार सोडले तर आपण आणि ब्रिटिश सरकार बरोबरीचे आहोत, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे रिक्वेस्टचा क्लेम झाला. 27 मार्च 1926 रोजी रीडिंगचं उत्तर आलं. थोडक्यात सांगायचं तर, भारतातल्या कुठल्याही संस्थानिकाला ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही. इतिहासात ते पत्र वऱ्हाडापेक्षा या एका मुद्द्यासाठीच जास्त गाजलं. नकार तर जुनाच होता. नवीन होती ती मागणाऱ्याला दाखवलेली जागा.

1936 च्या करारात निजामाला वऱ्हाडावरचं नावापुरतं स्वामित्व मिळालं. युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' झाले. कारभार मात्र इंग्रजी राजवटीतच राहिला.

आपण शब्द निवडतो तेव्हा समोरच्याच्या मनातली आपली जागाही बघायला हवी, हा यातला धडा. जोर नसताना डिमांड केली की समोरचा मूळ मुद्दा सोडून तुमची पायरी काढतो. उलट मॅनेजरच्या मेलमधली 'रिक्वेस्ट' ही रिक्वेस्ट नसते, हे वेगळं सांगायला नकोच!

असो. पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो साध्या 'आस्क'ने. मराठीत 'मागणं' वेगळं आणि 'विचारणं' वेगळं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. 1853 आणि 1902 चे दोन्ही करार हैदराबाद आणि इंग्रज यांनी आपसात केले. अरुणावतीकाठच्या शेतकऱ्याचं मत त्यात कुठेच नव्हतं. वऱ्हाड सगळ्यांनी मागितलं, वऱ्हाडाला मात्र कुणी विचारलं नाही.

हे वाक्य इंग्रजीत लिहायला गेलं तर दोन्हीकडे 'आस्क'च येतो. मराठीत मात्र फरक लगेच कळतो.