चाळ बांधलेले पुरुष

आमच्या वाळवा तालुक्यात पुरुषानं नाचायला कुणाची कधी हरकत नव्हती. गणपतीत लेझमाचा डाव रंगला की पन्नाशीचे पाटीलसुद्धा पटका सावरत रिंगणात घुसायचे. यात्रेत धनगर गजीढोलावर तासन्‌तास नाचायचे. वरातीबद्दल तर बोलायलाच नको. तरीही मी कथ्थक शिकायला सांगलीला जातो हे कळलं, तेव्हा पारावर मला नवं नाव मिळालं. चुलत्यांनी आईला विचारलं, "वैनी, पोरगं असलंच निघणार म्हणायचं काय?" नाचायला ना नव्हती. पायात चाळ बांधायचे, कंबर लयीत हलवायची आणि वर त्याच्यावर पोट भरायचं, हे गावाला सोसत नव्हतं.

म्हणून मी आमच्या पूर्वजांचा माग काढला. पूर्वज म्हणजे फडातले नाच्ये.

तमाशात बाई उशिरा आली. पेशवाईतल्या शाहिरांच्या फडात लुगडं नेसून उभा राहायचा तो पोरगा. शाहीर कवन रचणार, सुरत्ये झील धरणार, सोंगाड्या हसवणार आणि त्या लावणीतला रुसवा, विरह, शृंगार अंगातून दाखवायचा तो नाच्या पोऱ्यानं. लावणी म्हणजे बाईचंच काम, असं आज ठासून सांगणाऱ्यांना हे आठवत नाही.

पुढे पारडं फिरलं. आमच्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, तमाशात उतरले आणि पठ्ठे बापूराव झाले. जात सुटली, गोत सुटलं. त्यांची आणि पवळाबाईंची जोडी अशी गाजली की फडावर बाई नसेल तर लोकांना करमेना. बाई आली हे चांगलंच झालं. पण नाच्याच्या वाट्याला उरली मावशी आणि टाळ्या पिटत मारलेल्या कोट्या. आधी त्याच्या नाचाला दौलतजादा व्हायचा, आता त्याच्या चालीवर हशा पिकू लागला. माझ्या मते त्याची खरी बदनामी इथून सुरू झाली.

त्याच काळात पुण्या-मुंबईच्या नाटकांत काय चाललं होतं? नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. बालगंधर्वांचा शालू, त्यांचा अंबाडा, त्यांची पदर घ्यायची पद्धत घरंदाज बायका उचलत होत्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. मिळायलाच हवं होतं, त्यांच्या गळ्याबद्दल मी कोण बोलणार! पण लुगडं दोघांच्याही अंगावर होतं. एक जण उंची अत्तराच्या घमघमाटात उभा राहून गायचा. दुसरा पलित्याच्या उजेडात, महार-मांगांच्या फडात घामेघूम होऊन नाचायचा. पुरुषानं बाई होणं महाराष्ट्राला मान्य होतं. फक्त तो कुठल्या जातीचा, कुठल्या मांडवात आणि नाचतो की गातो, हे आधी बघितलं जायचं.

सिनेमानं या हशाला पडदा दिला. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी 'सवाल माझा ऐका'सारख्या तमाशापटांतून नाच्या असा उभा केला की त्यांचं 'आत्ता गं बया' घराघरांत गेलं. पुढे त्यांच्याकडे दुसऱ्या भूमिका घेऊन फारसं कुणी आलंच नाही. हा बायका-मुलांचा, संसारी माणूस; पण लोकांनी सोंगच खरं मानलं आणि कुचेष्टेची झळ घरापर्यंत पोचली. 'रंग नटेश्वराचे' हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. २००८ साली ते गेले. २०१० च्या सुरुवातीला 'नटरंग' आला. आनंद यादवांच्या कादंबरीतला पैलवान गडी गुणा फडासाठी नाच्या होतो आणि अतुल कुलकर्णींना त्या रूपात बघून थिएटरं हळहळली. बाहेर आल्यावर मात्र पोरं एकमेकांना त्याच नावानं चिडवत होती. मी स्वतः ऐकलंय.

मला चाळ बांधायला शिकवलं ते आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं. तरुणपणी तो फडात नाचलेला. सगळे त्याला तात्या म्हणायचे, पण लग्नाच्या पंगतीत पाट कडेला मांडायचे. आधी घोट्यावर जुन्या धोतराची पट्टी घट्ट गुंडाळायची, तिच्यावर चाळांचे पदर खालून वर चढवत न्यायचे, गाठ आतल्या अंगाला. पट्टी नसली तर कातडं सोलवटतं. त्याच्या दोन्ही घोट्यांवर काळे वण होते. नाचताना मी बायकी नखरे करायला लागलो की तो खेकसायचा, "मुरकतंस कशाला? घागर घेतल्याली बाई पायरीवर कशी वळती ती बघ. पानी सांडतंय का तिचं?" माझ्या गुरूंनी पुढे तेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत.

आता माझ्या वर्गात मुलगे येतात. रिअ‍ॅलिटी शोमुळे हिपहॉपला आईबाप हौसेनं फी भरतात. तोच मुलगा लावणी किंवा कथ्थक म्हणाला की बाप मला बाजूला घेऊन विचारतो, "सर, काही होणार नाही ना याला?" मी त्यांना सांगतो, गुडघे दुखतील.

यात्रा कमिटीच्या मंडळींना एकच विनंती आहे. पाडव्याच्या सुमारास तुम्ही नारायणगावच्या राहुट्यांवर तमाशाची सुपारी द्यायला जाता. फडमालकाचं नाव पत्रिकेत छापता, नर्तकींचे फोटो छापता. यंदा गवळणीत मावशी होऊन उभ्या राहणाऱ्या गड्याचं नावही विचारून घ्या आणि त्याच ओळीत, त्याच टायपात छापा.