छटांच्या नकाशाची कुळकथा

आकड्याप्रमाणे जिल्हा गडद किंवा फिकट रंगवायचा, ही युक्ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला तरी पहिल्यांदा सुचली असेल, हे ध्यानातच येत नाही. ती सुचली शार्ल द्यूपँ या फ्रेंच इंजिनिअरला. 1826 साली त्याने फ्रान्सचा नकाशा केला आणि शाळेत जाणारी मुले जिथे कमी, तो विभाग काळा रंगवला. उत्तर आणि पूर्व उजळ, दक्षिण आणि पश्चिम काळवंडलेली. आकड्यांचा तक्ता तासभर वाचूनही जे कळले नसते, ते नजर टाकताच कळले. अर्थात अज्ञान म्हणजे काळोख, हे मतही त्या शाईतूनच वाचकाच्या गळी उतरले.

1833 मध्ये आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने हीच रीत गुन्ह्यांना लावली. जिथे शिक्षण कमी तिथे गुन्हे जास्त, असे तेव्हाचे शहाणे लोक धरून चालले होते. गेरीचे नकाशे शेजारी शेजारी ठेवल्यावर ते काही जुळेना. शिकलेल्या उत्तरेतच मालमत्तेचे गुन्हे अधिक दिसले. माझ्या मते आकडेवारीच्या ॲटलासचा जन्म खरा इथला. एकटा नकाशा सांगतो; दोन नकाशे वाद घालतात. पुढे अमेरिकेत फ्रान्सिस वॉकरने 1870 च्या जनगणनेचा ॲटलास 1874 मध्ये काढला आणि सरकारी खात्यांना ही चाल मिळाली. आपल्याकडे नॅशनल ॲटलास ऑर्गनायझेशन 1956 मध्ये कोलकात्यात उभी राहिली, एस. पी. चॅटर्जी यांच्या हाताखाली.

संगणक या घराण्यात आला तो मोठ्या गबाळ्या वेषात. हॉवर्ड फिशर या वास्तुविशारदाने 1960 च्या दशकात ‘सायमॅप’ ही प्रणाली आखली. तिच्याकडे रंग नव्हते, होता फक्त अक्षरे छापणारा प्रिंटर. मग गडद छटा हवी तिथे एकाच जागी अक्षरावर अक्षर छापायचे! नकाशा दिसायला ओबडधोबड, पण आकडे बदलले की पुन्हा छापता येई.

पडद्यावरच्या राष्ट्रीय ॲटलासचे काम कॅनडाने 1981 मध्ये हाती घेतले. 1986 मध्ये बीबीसीच्या डोम्सडे प्रकल्पाने ब्रिटनची आकडेवारी लेझर डिस्कवर घातली. आणि इथून एक जुना अधिकार हळूहळू नकाशाकाराच्या हातचा सुटत गेला: कोणता आकडा कोणत्या छटेत जाईल, हे ठरवण्याचा. साक्षरतेचे पाच समान टप्पे पाडा, की प्रत्येक टप्प्यात सारख्याच संख्येने जिल्हे येतील असे पाडा. तोच तक्ता दोन वेगळे देश दाखवतो. छापील नकाशात हा निर्णय नकाशाकाराचा असे आणि वाचकाला तो दिसतही नसे. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लरने तर 1973 मध्येच टप्पे नकोतच, प्रत्येक आकड्याला त्याची छटा द्या, असे मांडले होते. पडद्यावर टप्पे वाचकाला स्वतः सरकवता येतात. तरी बहुतेक लोक पहिल्यांदा समोर येईल तोच नकाशा खरा मानतात. म्हणून ॲटलास घडवणाऱ्याची खरी कसोटी त्या पहिल्या मांडणीत.

द्यूपँची एक खोड मात्र संगणकानेही मोडली नाही. 2011 च्या जनगणनेत गडचिरोलीत सुमारे 10.7 लाख माणसे आणि क्षेत्र 14,412 चौरस किलोमीटर. मुंबई उपनगरात 93.6 लाख माणसे, क्षेत्र अवघे 446. रंग भरला की गडचिरोली नकाशा व्यापते आणि उपनगर ठिपक्याएवढे उरते. लोकसंख्येच्या मापाची वर्तुळे काढून हे सावरता येते.

काळाची पट्टी सरकवण्याची सोय दिली की पेच वाढतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 चा. 2011 मध्ये तिथली सगळी माणसे ठाण्यात मोजलेली. मग एक तर आठ तालुक्यांची बेरीज करून जुन्या वर्षांसाठीही पालघर घडवायचा, नाहीतर नव्या वर्षांतही ठाणे अखंड धरायचे, आणि जे केले ते नकाशाखालीच लिहायचे.