मेंदूचा मलेरिया आणि ‘नॅनो’ औषध: हेमलकसाच्या रुग्णाला नेमकं काय हवं?

‘नॅनो औषध आता थेट मेंदूत पोहोचणार’ अशा अर्थाचे रील आणि पोस्ट सतत फिरत असतात. अल्झायमर असो, पार्किन्सन असो की मेंदूतली गाठ, सगळ्यांवर हाच उपाय सांगितला जातो. मग गडचिरोलीच्या जंगलात जीव घेणाऱ्या मेंदूच्या मलेरियावरही हे औषध चालेल का? याचं उत्तर हवं असेल, तर हा आजार मेंदूत नेमका कुठे बसतो ते आधी समजून घ्यावं लागेल.

हेमलकसात हा आजार इतका ओळखीचा का?

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातलं गाव. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड आदिवासींसाठी दवाखाना उभा केला. या कामासाठी दोघांना २००८ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

घनदाट जंगल, भरपूर पाऊस आणि विखुरलेली गावं यामुळे मलेरिया हा इथला जुना आजार आहे. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर असतो. त्यातही इथे ‘फाल्सिपेरम’ जातीचा परजीवी जास्त आढळतो. मलेरियाच्या जातींमध्ये हीच सर्वात घातक. वेळेत उपचार झाले नाहीत तर रुग्णाला झटके येतात, तो बेशुद्ध पडतो. ‘ताप मेंदूत गेला’ असं लोक म्हणतात, ते यालाच.

मेंदूभोवतीचं कुंपण म्हणजे काय?

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८८५च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू मात्र रंगला नाही. पुढे १९१३ मध्ये त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी तोच प्रयोग उलटा केला. त्यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आडवं येतंय, हे त्यातून दिसलं.

हा अडथळा म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांची भिंत. शरीरात इतरत्र या भिंतीतल्या पेशींमध्ये बारीक फटी असतात. मेंदूत त्याच पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. ऑक्सिजन आत जातो, साखरेला ठरलेल्या दारातून प्रवेश मिळतो, पण बहुतेक औषधं बाहेरच अडतात. त्यामुळे मेंदू विषारी पदार्थांपासून वाचतो. मेंदूवर उपचार करणं अवघड होतं, तेही याच कारणाने.

नॅनोकण आत कसे शिरतात?

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. तांबडी रक्तपेशी साधारण ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद असते. औषध वाहून नेणारे बरेचसे कण १० ते २०० नॅनोमीटरचे असतात. ते चरबीचे, प्रथिनांचे किंवा विरघळणाऱ्या पॉलिमरचे बनवतात आणि औषध त्यांच्या आत भरतात.

‘कण लहान आहे म्हणून फटीतून सरकतो’ हा मोठा गैरसमज आहे, कारण मेंदूतल्या पेशींमध्ये तशी फटच नसते. त्यासाठी कणाला ओळखपत्र लावावं लागतं. रक्तातून मेंदूला लोह पोहोचवणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन असतं. केशवाहिनीच्या पेशी त्याला ओळखून आत घेतात. कणावर तसं प्रथिन किंवा त्याची नक्कल बसवली, तर पेशी त्यालाही आत ओढू शकते.

प्रयोगशाळेत हे जमतं. शरीरात मात्र शिरेतून दिलेले बहुतांश कण यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात. मेंदूपर्यंत पोहोचतो तो फार थोडा हिस्सा. म्हणून उंदरांवर यशस्वी झालेले अनेक प्रयोग माणसांपर्यंत आलेले नाहीत.

मग मेंदूच्या मलेरियात ही भिंत ओलांडावी लागते का?

नाही. मलेरियाचा परजीवी मेंदूच्या पेशींमध्ये जात नाही. तो तांबड्या रक्तपेशीत राहतो. फाल्सिपेरमची लागण झालेल्या या पेशी चिकट होतात आणि मेंदूतल्या केशवाहिन्यांना आतून चिकटून बसतात. रक्तप्रवाह अडतो, भिंतीला इजा होते, मेंदूला सूज येते. म्हणजे आजाराचा परिणाम मेंदूवर होतो, पण शत्रू कुंपणाच्या अलीकडे, रक्तातच असतो. रक्तात सोडलेलं साधं औषधही त्याला गाठू शकतं.

ते औषध म्हणजे आर्टेसुनेटचं इंजेक्शन. पूर्वी क्विनाइन वापरत. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या गंभीर मलेरियाच्या १,४६१ रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. क्विनाइन मिळालेल्यांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेट मिळालेल्यांपैकी १५ टक्के रुग्ण दगावले. आफ्रिकेतल्या ५,४२५ मुलांवरच्या चाचणीतही २०१० मध्ये आर्टेसुनेटच सरस ठरलं. परजीवी कोवळा असताना, पेशी चिकट होण्याआधीच हे औषध त्याला मारतं.

मुंबईतल्या संशोधकांनी नॅनोचा वापर कशासाठी केला?

आर्टेसुनेटच्याच कुळातलं आर्टेमेथर पाण्यात नीट विरघळत नाही. ते तेलात मिसळून स्नायूत टोचावं लागतं आणि रक्तात उतरण्याचा वेग रुग्णागणिक बदलतो. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था इथल्या संशोधकांनी हे औषध चरबीच्या नॅनोकणांत भरलं. मलेरिया झालेल्या उंदरांमध्ये त्याचा परिणाम बाजारातल्या इंजेक्शनपेक्षा जास्त दिसला आणि जास्त काळ टिकला. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. इथे नॅनोकणांचा उपयोग न विरघळणारं औषध रक्तात नीट पोहोचवण्यासाठी झाला.

दुसरं उदाहरण परळच्या केईएम रुग्णालयाचं. तिथल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध लायपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये भरून देण्यावर काम केलं. साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला इजा करतं. पिशवीत भरल्यावर तो त्रास घटतो आणि डॉक्टरांना मोठा डोस देता येतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी नाकातून डोळ्यांत आणि मेंदूपर्यंत पसरत होती, तेव्हा याच प्रकारच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते.

हेमलकसाच्या रुग्णाला काय हवं?

मेंदूच्या मलेरियात तासांचा हिशोब असतो. औषध उपलब्ध आहे, पण गावातून दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ जातो. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जाऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या अनेक पावसाळ्यांत आल्या आहेत. म्हणून आशा कार्यकर्तीकडची रॅपिड टेस्ट महत्त्वाची. बोटातल्या रक्ताच्या थेंबावर १५ ते २० मिनिटांत निदान होतं आणि ताप मेंदूत जाण्याआधीच गोळ्या सुरू करता येतात. जिथे इंजेक्शनची सोय नाही तिथे सहा वर्षांखालच्या मुलांना गुदद्वारातून आर्टेसुनेट देऊन तातडीने पुढे पाठवावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

हे लक्षात ठेवा

• मलेरियाच्या भागात राहत असाल किंवा तिथून परतला असाल आणि ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा.
• झटके, असंबद्ध बोलणं, बेशुद्धी, धाप, सतत उलट्या यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. बेशुद्ध माणसाला तोंडातून गोळी किंवा पाणी देऊ नका.
• ‘नॅनो’ औषधाची पोस्ट दिसली तर दोन गोष्टी पाहा: प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि तो आजार कुंपणाच्या आत आहे की बाहेर.