पुलित्झर, जोसेफ

(१० एप्रिल १८४७ – २९ ऑक्टोबर १९११). अमेरिकन वृत्तपत्रमालक, वकील व लोकप्रतिनिधी. हंगेरीतील माको येथे एका ज्यू धान्यव्यापाऱ्याच्या घरी जन्म. नजर अधू व प्रकृती तोळामासा असल्याने युरोपातील सैन्यांत त्यांना प्रवेश मिळाला नाही. अमेरिकेत यादवी युद्धासाठी माणसे हवी होती, म्हणून १८६४ मध्ये ते तिकडे जाऊन उत्तरेच्या घोडदळात दाखल झाले. युद्धानंतर कफल्लक अवस्थेत त्यांनी जर्मन भाषकांची मोठी वस्ती असलेले सेंट लुइस गाठले. पडेल ते काम करीत मर्कंटाइल ग्रंथालयात बसून त्यांनी इंग्रजी व कायदा आत्मसात केला. वकिलीची सनद मिळाली, पण मोडक्या इंग्रजीच्या या वकिलाकडे पक्षकार फिरकेनात. ग्रंथालयातील बुद्धिबळाच्या पटावर मात्र ‘वेस्टलिशे पोस्ट’ या जर्मन दैनिकाच्या चालकांशी ओळख जुळली आणि १८६८ मध्ये ते त्याचे बातमीदार झाले.

१८६९ च्या अखेरीस पोटनिवडणुकीत ते मिसुरीच्या विधानसभेवर निवडून आले. कायद्याने ठरवलेले वय त्यांनी गाठले नव्हते, पण कोणी हरकत घेतली नाही. कंत्राटांतील भ्रष्टाचाराविरुद्ध विधेयक आणल्यावर एका कंत्राटदाराशी त्यांची बाचाबाची झाली. पुलित्झरांनी पिस्तूल झाडले, गोळी त्याच्या पायाला चाटून गेली, आणि प्रकरण दंडावर मिटले.

१८७८ मध्ये त्यांनी डबघाईला आलेले ‘डिस्पॅच’ लिलावात २,५०० डॉलरना घेतले व ‘पोस्ट’ या पत्रात विलीन केले. ‘पोस्ट-डिस्पॅच’च्या कमाईच्या बळावर १८८३ मध्ये जे गूल्ड या रेल्वेसम्राटाकडून ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ ३,४६,००० डॉलरना विकत घेतले. पुलित्झर पुरस्कारामुळे आज त्यांचे नाव गंभीर पत्रकारितेशी जोडले जाते. मात्र ‘वर्ल्ड’चा खप वाढला तो खून, घोटाळे, चित्रे आणि भडक मथळ्यांवर. त्याच पानांवर मक्तेदार कंपन्यांवर कोरडेही ओढले जात. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी रखडला, तेव्हा १८८५ मध्ये ‘वर्ल्ड’ने वर्गणीची हाक दिली आणि देणगी कितीही किरकोळ असो, देणाऱ्याचे नाव छापण्याचे वचन दिले. पाच महिन्यांत सुमारे १ लाख २० हजार लोकांकडून १ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. बहुतेकांनी डॉलरपेक्षा कमीच दिले होते, आणि आपले नाव शोधायला अंक विकत घेतला असणार, हा हिशेब पुलित्झरांना नक्कीच कळत होता.

त्याच सुमारास ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसचे सदस्य होते. मात्र वर्तमानपत्रापुढे सभागृह त्यांना नीरस वाटे. एप्रिल १८८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

पुढे अंधत्व आले, आवाज असह्य होऊ लागला. ध्वनिरोधक खोलीतून किंवा ‘लिबर्टी’ या नौकेवरून सचिवांमार्फत ते पत्र चालवीत. १८९५ नंतर प्रतिस्पर्धी वृत्तपत्रमालक हर्स्ट यांच्याशी लागलेल्या चढाओढीत ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द रूढ झाला, आणि क्यूबाविषयीच्या अतिरंजित बातम्यांचा डाग ‘वर्ल्ड’लाही लागला. १८९९ मध्ये वाढीव घाऊक दराविरुद्ध अंक विकणाऱ्या पोरांनी संप केला. गरिबांचा कैवारी म्हणवणाऱ्या मालकाला न विकलेले अंक परत घेण्याचे कबूल करावे लागले. पनामा कालव्याच्या व्यवहारावरील लेखांमुळे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने भरलेला बदनामीचा खटला १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

चार्ल्सटन बंदरात नौकेवरच त्यांचे निधन झाले. त्यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये पत्रकारिता विद्यालय सुरू झाले. १९१७ पासून पुलित्झर पुरस्कार दिले जातात. ‘वर्ल्ड’ कधीही विकू नये, असे त्यांनी मृत्युपत्रात बजावले होते. १९३१ मध्ये मुलांनी न्यायालयाची परवानगी काढून ते विकले.