‘टायटॅनिक’चं पाणी आणि तीन जातींचे संगणक

मागच्या व्याख्यानात एक संगणक चित्र कसं तयार करतो, इथवर आपण आलो होतो. आज शे-दीडशे संगणक एका कामाला जुंपले की काय होतं, ते पाहू. आणि तेही एकाच जातीचे नव्हे, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे.

आधी साधा हिशोब. सिनेमा सेकंदाला 24 चित्रं दाखवतो. म्हणजे एका मिनिटाला 1440. एका चित्राला एक तास लागतो असं धरलं, तर एका संगणकाला त्या एका मिनिटासाठी 60 दिवस लागतील. 160 संगणक असतील तर नऊ तास. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे या संगणकांना आपसात बोलायचीही गरज नसते. सगळ्यांना तीच फाइल मिळायला हवी आणि तयार चित्रं एका जागी जमायला हवीत, एवढंच. ‘एवढंच’ म्हणालो खरं, पण सगळी गोची तिथेच आहे.

1997 साल. लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातली डिजिटल डोमेन ही कंपनी ‘टायटॅनिक’ची दृश्यं करत होती. जेम्स कॅमेरॉन तिच्या संस्थापकांपैकीच एक. चित्रपट जुलैत यायचा होता, तो डिसेंबरवर गेला. त्यापुढे ढकलणं कुणालाच परवडणारं नव्हतं. कलाकार सिलिकॉन ग्राफिक्सच्या संगणकांवर काम करायचे, त्यांची सिस्टिम आयरिक्स, युनिक्सच्या घराण्यातली. यंत्रं उत्तम, पण महाग. नुसत्या आकडेमोडीसाठी तीच आणखी घेणं म्हणजे पाणी भरायला चांदीची घागर! म्हणून कंपनीनं डेक अल्फा प्रोसेसरची, 433 मेगाहर्ट्झची, 160 यंत्रं घेतली. त्यातल्या 105 वर रेड हॅट लिनक्स बसवलं आणि 55 वर विंडोज एनटी. त्या काळात लिनक्स ही पुष्कळांच्या लेखी विद्यार्थ्यांची हौस होती, हे लक्षात घ्या. मला विचाराल तर या गोष्टीतलं खरं धाडस तेच.

आता अडचणी बघा. युनिक्समध्ये सगळ्या फाइली एकाच झाडाच्या फांद्यांवर. विंडोजमध्ये प्रत्येक ड्राइव्हला वेगळं अक्षर, आणि मार्गातली तिरकी रेघसुद्धा उलटी. युनिक्सला ‘Ship’ आणि ‘ship’ ही दोन वेगळी नावं वाटतात, विंडोजला एकच. (नावं मुळात रोमन लिपीतली, म्हणून हा घोळ. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत, आपण सुटलो!) एका नावानं दुसऱ्या जागेकडे बोट दाखवायची युनिक्सची सोय तेव्हाच्या एनटीत नव्हती, नेटवर्कवरच्या फाइली वाटून घ्यायची युनिक्सची एनएफएस पद्धतही तिच्यात जात्याच नव्हती. लिनक्सला हे सगळं घरचंच होतं. युनिक्सवर उभ्या असलेल्या स्टुडिओत ते का रुळलं, हे वेगळं सांगायला नको.

पण लिनक्सही सरळ चाललं नसतं, कारण खालचा प्रोसेसर वेगळा. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो, वीस नंतर. लिहिताना मात्र 2 आधी, 5 नंतर. मोठी संख्या अनेक बाइट्समध्ये साठवताना संगणकांचंही असंच होतं. सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रं मोठा भाग आधी ठेवायची, अल्फा लहान भाग आधी. एकानं जशीच्या तशी लिहिलेली फाइल दुसऱ्यानं वाचली तर पंचवीसचे बावन्न! शिवाय अल्फा 64 बिटांची; पत्ता 32 बिटांत मावेल असं गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम तिथे घसरायचा. शून्याच्या अगदी लगतचे अपूर्णांकही अल्फा प्रोसेसर स्वतः सांभाळत नसे; कंपाइल करताना काळजी घेतली नाही, तर प्रोग्राम मध्येच कोसळे.

कोसळलेला प्रोग्राम निदान कळतो तरी. न कळणारा प्रकार वाईट. दोन जातींच्या यंत्रांवर कंपायलर वेगळे, गणिती फंक्शनं वेगळी. दशांश चिन्हानंतर कितव्यातरी अंकात फरक पडतो. स्थिर चित्रात तो दिसत नाही. पण पहिली फ्रेम एका यंत्राची, दुसरी दुसऱ्याची असली, की पडद्यावर पाणी लुकलुकतं. म्हणून एक अख्खं दृश्य एकाच जातीच्या यंत्रांना द्यायचं, हा जाणत्यांचा रिवाज.

‘टायटॅनिक’ 19 डिसेंबरला अमेरिकेत लागला. पुढच्या वर्षी 11 ऑस्कर मिळाली, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्सचंही होतं.

आणखी एक उदाहरण, मग प्रश्न घेऊ. 2006 साली ब्लेंडरवर केलेला ‘एलिफंट्स ड्रीम’ हा सुमारे 11 मिनिटांचा चित्रपट आला. त्याचं बरंचसं रेंडरिंग अमेरिकेतल्या बोवी स्टेट युनिव्हर्सिटीच्या ॲपल एक्ससर्व्ह जी5 यंत्रांवर झालं, 125 दिवस. हे प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवणारे, आपल्या घरातले इंटेलचे पीसी लहान भाग आधी. तरी चित्रपटाच्या मूळ फाइली कुणीही घरी उघडू शकत होतं. कारण ब्लेंडरच्या फाइलीत अगदी सुरुवातीलाच एक अक्षर असतं: लहान ‘v’ किंवा मोठा ‘V’. ही फाइल कोणत्या क्रमानं लिहिली आहे, ते त्यावरून वाचणाऱ्याला कळतं. बरं, मागे हात वर दिसतोय, विचारा.