डोक्यावरून जाणारा पाहुणा

आषाढ सरत आला आहे. साल १०५४. तुम्ही वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठावर उभे आहात. अंगावरचं घोंगडं ओलं, पाय काळ्या चिकण मातीत घोट्यापर्यंत रुतलेले, समोर गढूळ पाणी दोन्ही काठ धरून वाहतंय. कित्येक दिवस सूर्य कुणाला दिसलेला नाही. सकाळचा पहिला प्रहर उलटतो, वारा फिरतो आणि ढगांत खिंडार पडतं.

मान वर करा. आणखी वर, सरळ डोक्यावर. त्या निळ्या तुकड्यात शुक्राएवढा तेजस्वी एक पांढरा ठिपका आहे. भर दिवसा. तुम्ही बोट वर करून शेजारच्या गुराख्याला दाखवायला जाता, तोवर ढग मिटतात आणि सर पुन्हा सुरू होते.

चीनच्या दरबारातल्या ज्योतिष्यांनी हाच तारा ४ जुलैला पहिल्यांदा पाहिला आणि ‘पाहुणा तारा’ म्हणून लिहून ठेवला. त्यांच्या नोंदीप्रमाणे तो २३ दिवस दिवसाउजेडी दिसत राहिला. त्या दिवसांत विदर्भावर पावसाळ्याचं छत होतं. वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकापाशी, सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूरचा एक तारा फुटला होता. तुम्हाला दिसला तो उजेड वर्ध्याकडे निघाला, तेव्हा पवनार हे गावही नव्हतं.

आणि तो नेमका डोक्यावरच का, हे पाहण्यासारखं आहे. पवनारचा अक्षांश पावणेएकवीस अंशांच्या आसपास. १०५४ साली त्या ताऱ्याची क्रांती, म्हणजे त्याचा आकाशातला अक्षांश, जवळपास तेवढीच होती. म्हणून वर्धा जिल्ह्यात तो रोज जवळजवळ बरोबर खमध्यातून जायचा. आषाढात सकाळी नऊच्या सुमारास आणि ढग सरल्यावर, कार्तिकात, मध्यरात्र उलटल्यावर. कार्तिकापर्यंत थांबा. थंडी पडली आहे, हवा धुतल्यासारखी स्वच्छ आहे आणि पाहुणा बराच फिकट झाला असला तरी अजून जागेवर आहे. चिनी नोंदी त्याला एप्रिल १०५६ पर्यंत पाहतात. मग तो नजरेआड होतो.

आता मागे जायचं, आणखी दोन हजार वर्षं. आर्वी तालुक्यात खैरवाड्याच्या माळावर तुम्ही शिलावर्तुळापाशी बसला आहात. काळे दगड गोलाकार मांडलेले, मध्ये पुरलेला माणूस आणि त्याच्यासोबत लोखंडाची हत्यारं. वैशाखाची रात्र. दक्षिणेकडे पाहा. नरतुरंगातला तो मोठा गोलाकार तारकागुच्छ, ज्याला पुढे ओमेगा सेंटॉरी म्हणतील, क्षितिजापासून चांगला ३५ अंशांहून वर आहे. तुमच्या काळात वर्ध्यातून तो जेमतेम २२ अंश वर येतो आणि उन्हाळ्याच्या धुळीत बहुतेक रात्री बुडून जातो. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेतो. त्या संथ डोलण्यानं हे आकाश एका बाजूनं बुडतं, दुसरीकडून वर येतं. हा बदल कुणाच्या आयुष्यात मावत नाही आणि त्यावर कुणाचा इलाजही नाही. इथे हलू नका थोडा वेळ. पहाटे धनू-वृश्चिकातली आकाशगंगा मावळतीला कलेल तेव्हा तिच्या उजेडात तुमचा तळहात तुम्हाला दिसेल. इतका गडद काळोख पुन्हा मिळणार नाही.

पुढचा मुक्काम १९१०, मे महिना, वर्धा शहर. जिल्हा होऊन ४८ वर्षं झाली आहेत. आगगाडी आहे, कापसाचा बाजार आहे, आणि उकाड्यामुळे सगळं गाव अंगणात बाजा टाकून झोपलं आहे. पहाटे कुणीतरी हाका मारून उठवतं. पूर्वेला हॅलेच्या धूमकेतूची शेपटी आकाशात वर चढत गेली आहे. बायका हात जोडतात, म्हातारे दुष्काळाची आठवण काढतात. तुम्ही मात्र आणखी एका धूमकेतूचा विचार करा. १७५८ साली पॅरिसमध्ये शार्ल मेसिए धूमकेतूच्या मागावर असताना त्याला वृषभाच्या शिंगापाशी एक पुसट डाग दिसला. तो जागचा हलेना, म्हणजे तो धूमकेतू नव्हे. अशा डागांनी पुन्हा फसायला नको म्हणून त्यानं यादी सुरू केली आणि हा डाग तिच्यात पहिला लिहिला: एम १. दुर्बीणवाले आजही त्याला याच नावानं ओळखतात. बाकीचे खेकडा तेजोमेघ म्हणतात. तुमचा पवनारचा पाहुणा गेला नव्हता. त्याचा ढग झाला होता.

१९४० चा हिवाळा, सेवाग्राम. इथे जरा जास्त थांबावं असं मला वाटतं. बापू कुटीबाहेर कंदील मालवला की रात्र थेट जमिनीवर उतरते. उघड्या आकाशाखाली झोपणं हा गांधीजींच्या आवडीचा भाग होता. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांच्या सोबतीला काकासाहेब कालेलकर होते, साताऱ्यात जन्मलेले आणि ताऱ्यांचं वेड असलेले. १९३२ साली गांधीजी पुन्हा तिथे कैदेत गेले तेव्हा त्यांनी आश्रमातल्या मंडळींसाठी आकाशदर्शनावर लिहून पाठवलं, खगोलाची पुस्तकं मागवली. लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी दुर्बिणीही पुरवल्या. साठी ओलांडलेला, राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस तारे ओळखायला शिकत होता. आपल्याकडच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या परंपरेत मी त्यांना बिनदिक्कत धरतो. काकासाहेबही आता, १९४० मध्ये, वर्ध्यातच राहतात.

तुम्ही सेवाग्रामच्या अंगणात सतरंजीवर पडला आहात. एम १ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची जागा डोक्यावर आहे आणि तिच्याभोवतीचा काळोख शाबूत आहे. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात त्या ढगाच्या फुगण्याचा वेग मोजला जातोय. १९२८ साली एडविन हबलनं त्याचा १०५४ शी संबंध सुचवला होता. १९४२ साली मेयॉल आणि ऊर्ट या खगोलशास्त्रज्ञांनी चिनी नोंदींशी मेळ घालून तो पक्का केला. त्याच वर्षी जुलैत वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीनं ‘छोडो भारत’चा ठराव केला.

मधली दशकं भराभर जाऊ द्या. खांब आले, तारा आल्या, बल्ब, ट्यूब, सोडियमचे पिवळे दिवे, मग एलईडीचे पांढरे. पिवळ्यापेक्षा पांढऱ्यातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो, म्हणून आकाश अधिक उजळतं.

आता तुम्ही आजच्या पौष अमावास्येला सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर एका वावरात आहात. तुरीचं पीक उभं आहे. धुऱ्यापलीकडे मचाणावर जागल करणारा शेतकरी रानडुकरांसाठी मधूनच हाळी देतो. विदर्भातल्या गोंड वस्त्यांमध्ये मृगाला नांगर म्हणून पाहतात. सप्तर्षीचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन ती पळवायला आलेले चोर. मचाणावरून हे सगळं विनादुर्बीण दिसतं.

आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण मांडली आहे. अर्धा तास पांढरा उजेड डोळ्यांवर पडू देऊ नका, मोबाइल खिशात ठेवा, टॉर्चला लाल कागद आहे. दुर्बीण सरळ वर रोखायला या बैठकीवर त्रास होतो, तरी थांबायचं, कारण खमध्याच्या दिशेनं हवेचा थर सर्वांत पातळ असतो. आज पारदर्शकता मध्यम आहे. दुपारी कुठेतरी पऱ्हाटी जाळली, त्याचा धूर खाली साचलाय. मध्यरात्रीनंतर दव पडून भिंग धूसर होईल, म्हणून आत्ताच पाहा. डोळा आयपीसला लावा आणि नजर थोडी बाजूला टाका. पाटीवरचं अक्षर बोटानं पुसल्यावर उरावा तसा एक राखाडी डाग. तेवढंच. त्याच्या पोटात एक मेलेला तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतोय, हे १९६८ मध्ये कळलं. तुमच्या पाहुण्याचा तो गाभा.

आता ईशान्येला पाहा. नागपूरचा उजेड क्षितिजावर चढला आहे. दक्षिणेला वर्धा शहराचा, येळाकेळीकडे समृद्धी महामार्गाच्या दिव्यांचा. हीच दुर्बीण वर्ध्याच्या चौकात नेली तर तो डाग आकाशाच्या उजेडात विरघळून जातो. पावसाळ्याचे ढग जातात, मेची धूळ पहिल्या पावसात बसते, धूरही एखाद्या रात्री विरतो. दिव्यांचा उजेड मात्र आपण लावलेला आहे आणि तो बाराही महिने असतो. या जिल्ह्याच्या आकाशाला हजारो वर्षांत झालेला हा एकच बदल असा, जो माणूस परतवू शकतो.

हे करून दाखवलेलं उदाहरण शेजारच्याच जिल्ह्यात आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी जवळच्या गावांतले दिवे उजेड फक्त खाली टाकतील असे करून घेतले. गावं अंधारात गेली नाहीत. बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, त्याच्या कडेच्या गावांत आजही आकाशगंगा दिसते, आणि इथे तेच करायला नवं शास्त्र लागत नाही.

सेलू, हिंगणी, आर्वी, कारंजा भागातल्या वाचकांना म्हणूनच एक विनंती आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत पुढच्या वेळी पथदिव्यांचा विषय निघेल तेव्हा सभेला जा आणि तीन गोष्टी मागा: दिव्याला वरून झाकण, पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड, आणि रात्री अकरानंतर जिथे कुणी फिरत नाही तिथला दिवा बंद.